गेलेल्या माणसावर गाणे रचताना: यमक जुळते, पण माणूस हरवतो का?

अर्धमात्रा (धागाकर्ती)

नमस्कार. गेल्या वर्षी माझा थोरला भाऊ अचानक गेला. मी हौशी गीतकार आहे. शब्द लिहिते, चाली बांधते आणि ओळखीच्या लोकांत गाते. तो गेल्यानंतर थोड्याच आठवड्यांत एक मुखडा सुचला आणि त्याची चालही सोबतच आली. अडचण अंतऱ्यापासून सुरू झाली. माझा भाऊ तापट होता, विसराळू होता, घरातले प्रत्येक यंत्र उघडून पाहायचा आणि बहुतेक वेळा ते पुन्हा बंद करायचा नाही. अंतऱ्यात मात्र मात्रा आणि यमक सांभाळता सांभाळता तो शांत, प्रेमळ आणि आभाळाकडे पाहणारा कोणीतरी झाला आहे. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येते, पण मला ते गाणे दुसऱ्याच कोणाच्या भावाचे वाटते.

जवळचे माणूस गेल्यावर गाणे रचले की दुःख हलके होते, असे सर्रास म्हटले जाते. ज्यांनी असे गाणे प्रत्यक्ष रचले आहे, त्यांचे म्हणणे मला ऐकायचे आहे. छंदाची शिस्त दुःखाला आधार देते, की त्याला खोटे पाडते? आणि असे गाणे लगेच लिहावे, की काही काळ जाऊ द्यावा? कृपया सांत्वन करू नका. ते मला भरपूर मिळाले आहे. मला मते हवी आहेत.

मंद्रसप्तक

थेट मुद्द्यावर येतो. वडील गेल्यावर मी त्यांच्यावर गाणे रचले आणि मला त्याचा उपयोग झाला. मात्र मन मोकळे झाले, अशा अर्थाने नव्हे. त्यांच्या आजारपणात औषधांच्या वेळा होत्या, तपासण्या होत्या, रात्रीची जागरणे होती आणि ते सगळे एका सकाळी संपले. त्यानंतर मला करण्याजोगे काहीच उरले नव्हते. गाण्यामुळे एक काम हाती आले. चार मात्रांच्या जागेत 'आठवण' बसत नाही आणि 'स्मृती' मला नको आहे, हा प्रश्न मी प्रवासात, कामावर आणि अंथरुणावर पडल्या पडल्या सोडवत असे. तो सुटण्यासारखा प्रश्न होता, हेच त्याचे महत्त्व. वडील गेले, हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता.

त्यामुळे छंद दुःखाला खोटे पाडतो का, यापेक्षा छंदाशी भांडताना आपण किती लवकर तडजोड करतो, हे पाहावे असे मला वाटते. जुळलेल्या पहिल्याच यमकावर थांबलो, तर आभाळ येणारच.

तिरकस

आभाळ, पाऊलवाट, सावली, पणती आणि रिकामी खुर्ची यांवर शोकगीतांपुरती सक्त बंदी घालावी, असा ठराव मी या धाग्यावर मांडतो. माझ्या काकांवर त्यांच्या जावयाने रचलेल्या गीतात काकांना 'शीतल सावली' म्हटले होते. ज्यांनी काकांबरोबर एकदा तरी पत्ते खेळले होते, ते सारे श्रोते त्या ओळीला एकमेकांकडे पाहू लागले.

गद्यप्रेमी

ठरावाला अनुमोदन, आणि एक दुरुस्ती: बंदी यमकावरच घालावी. दुःख लिहून काढायचे असेल तर त्याला मात्रांत बसवण्याची गरजच काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटे, आयुष्यातल्या क्लेशकारक घटनेबद्दल जसे सुचेल तसे लिहायला सांगितले होते. शुद्धलेखनाची, रचनेची किंवा वाचकाची कोणतीही चिंता त्यात नव्हती. पुढच्या काही महिन्यांत त्यांच्यापैकी ज्यांनी घटना आणि भावना या दोन्हींविषयी लिहिले होते, त्यांच्या दवाखान्यातल्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्याचे आढळले. मी आईला पत्रे लिहिली. ती वाईट गद्यात आहेत, पण त्यांतली आई माझीच आहे.

श्रुतिभान

मी संगीतोपचाराच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते.

गद्यप्रेमी यांनी सांगितलेला प्रयोग महत्त्वाचा आहे, परंतु तो आप्त गमावलेल्यांपुरता नव्हता. शोकग्रस्तांवर हीच पद्धत नंतर वापरून पाहिली गेली, तेव्हा निष्कर्ष इतके आशादायक निघाले नाहीत. ज्यांचा शोक आपापल्या गतीने निवळत होता, त्यांना लेखनाने फारसा फरक पडला, असे काही अभ्यासांत दिसले नाही. म्हणून 'लिहा, बरे वाटेल' हे वाक्य मी कोणालाही औषधाच्या चिठ्ठीसारखे देत नाही.

गीतरचना ही संगीतोपचारातली मान्य पद्धत आहे आणि तिचे अनेक प्रकार आहेत. ज्यांनी आयुष्यात कधी ओळ लिहिलेली नाही, त्यांच्यासाठी आम्ही ओळखीच्या चालीतले काही शब्द काढून जागा मोकळ्या ठेवतो आणि त्या त्यांना भरायला सांगतो. दुसऱ्या प्रकारात माणूस बोलत राहतो, आम्ही त्याचीच वाक्ये टिपून घेतो आणि ती नीटनेटकी न करता त्यांना चाल शोधतो. तिसऱ्या प्रकारात, मृत्यू जवळ आलेली व्यक्तीच आपल्या माणसांसाठी गाणे रचते आणि ते ध्वनिमुद्रित करून ठेवले जाते. या तिन्हींत माझ्या अनुभवाप्रमाणे सर्वांत जास्त काम करते ते ध्रुवपद, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी ओळ. मनात तेच तेच वाक्य दिवसभर फिरत असते. गाण्यात तेच वाक्य ठरलेल्या जागी येते, आणि मुख्य म्हणजे ठरलेल्या जागी थांबते.

शोकाचे अभ्यासक मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी 1999 साली मांडलेल्या विचारानुसार शोक करणारा माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो: कधी तो हानीला सामोरा जातो, तर कधी तिच्याकडे पाठ फिरवून बदललेल्या आयुष्याच्या व्यवहारात गुंततो. ही ये-जा बिघाडाचे लक्षण नसून स्वाभाविक आहे, असे ते म्हणतात. मंद्रसप्तक यांची मात्रांची खटपट मला या दोन्ही टोकांना एकाच वेळी हात लावणारी वाटते, कारण त्यात विषय वडिलांचा आहे आणि काम मात्र सुताराचे आहे.

काठावरचा

मला एक शब्द लिहिता आला नाही. माझी पत्नी चाली बांधत असे. तिच्या फोनमध्ये अर्धवट गुणगुणलेल्या चाली आहेत, काहींच्या मागे कुकर वाजतो आहे, एकीत ती मला ओरडून काहीतरी विचारते आहे. मी त्या चाली पेटीवर बसवून पूर्ण करतो आहे. याला गीतरचना म्हणतात का, याची मला कल्पना नाही.

अर्धमात्रा

काठावरचा, हे गीतरचनेतच येते, असे मला वाटते. त्यातला तो प्रश्न मात्र काढून टाकू नका.

जुने_पान

आपण सगळे असे गृहीत धरून चाललो आहोत की शोकगीत म्हणजे गेलेल्या माणसाचे वर्णन. तुकोबांचा 'बाप मेला न कळतां' हा अभंग आठवा. बाप, बायको, मूल आणि आई अशा चार मृत्यूंची नोंद त्यात आहे आणि एकाही माणसाचे वर्णन नाही. पोर मेले ते बरे झाले, असे तिथे सरळ म्हटले आहे. यमके तर इतकी साधी आहेत की आज कोणी लिहिली असती तर आपण त्याला कच्चा म्हटले असते. तरीही तो अभंग वाचताना मला अंगावर काटा येतो, कारण दुःखाचे नाव न घेता तो माणूस एकेक नाते मोजून खाली ठेवतो आहे. गाणे खोटे होते ते छंदामुळे नव्हे, तर ऐकणाऱ्याला रडवण्याच्या इच्छेमुळे.

विनम्र_विरोधक

जुने_पान, मला हे मान्य नाही. तो अभंग वैराग्याचा आहे. विठ्ठल आणि आपण यांच्यामध्ये आता तिसरे कोणी उरले नाही, हे त्याच्या ध्रुवपदातच सांगितले आहे. आपल्या आजच्या दुःखाच्या कल्पना त्यावर लादून त्याला शोकगीत ठरवणे योग्य नाही. शोकगीतच हवे असेल तर बहिणाबाई घ्या. वयाच्या तिशीत त्यांना वैधव्य आले आणि त्यावर त्यांनी रचलेल्या गाण्यात पतीच्या गुणांची यादी नाही. स्वतःच्या कपाळाबद्दल आणि मनगटातल्या करतुतीबद्दल त्या बोलतात. जो गेला त्याच्याइतकेच जी उरली तिच्याबद्दल ते गाणे आहे. धागाकर्तीला यातून वाट सापडू शकेल: भावाचे चित्र जमत नसेल तर त्याच्याविना उरलेल्या बहिणीचे लिहावे.

जुने_पान

वैराग्य आणि शोक एकाच ओळीत राहू शकत नाहीत, असा नियम मला ठाऊक नाही. बहिणाबाईंविषयी मात्र पूर्ण सहमत आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, काम करता करता त्या गात असत आणि ती गाणी 1952 साली, म्हणजे त्यांच्या निधनानंतर, पुस्तकरूपाने आली. प्रकाशनाचा विचारही मनात नसताना जे रचले जाते, त्यात दिखाऊपणाला जागाच नसते.

तार_षड्ज

'लगेच की नंतर' या प्रश्नाकडे कोणीच वळलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. पाश्चात्त्य संगीतातली उदाहरणे पाहिली तर कोणताही एक नियम हाती लागत नाही. एरिक क्लॅप्टन यांचा चार वर्षांचा मुलगा मार्च 1991 मध्ये उंच इमारतीवरून पडून गेला आणि त्याच्यावरचे त्यांचे प्रसिद्ध गाणे, जे त्यांनी विल जेनिंग्ज यांच्यासोबत लिहिले, एका वर्षाच्या आतच लोकांपुढे आले. जॉन लेनन यांची आई 1958 साली अपघातात गेली. तिला नावाने हाक मारणारे गाणे 1968 मध्ये आले आणि ज्यात ते अक्षरशः किंचाळतात ते गाणे 1970 मध्ये. ल्यूथर व्हॅन्ड्रॉस यांचे वडील ते लहान असतानाच गेले आणि वडिलांबरोबर पुन्हा एकदा नाचण्याची इच्छा सांगणारे त्यांचे गाणे 2003 साली आले, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती.

संगीतकार गुस्टाव माहलर यांचे उदाहरण तर सगळ्यांत चमत्कारिक आहे. फ्रीडरिश ऱ्युकर्ट या जर्मन कवीची दोन मुले आजाराने गेली, तेव्हा 1833-34 या काळात त्याने मुलांवर चारशेहून अधिक कविता लिहिल्या. माहलर यांनी त्यांतल्या पाच निवडून 1901 ते 1904 दरम्यान त्यांना संगीत दिले. त्यातली शेवटची गाणी पूर्ण होत असताना त्यांच्या स्वतःच्या दोन लहान मुली घरात होत्या आणि हे असले काम त्यांच्या पत्नीला मुळीच रुचले नव्हते. 1907 साली त्यांची थोरली मुलगी गेली. मुलगी खरोखर गेल्यानंतर मला ही गाणी लिहिताच आली नसती, अशा आशयाचे ते नंतर म्हणाले. म्हणजे एका बापाने चारशे कविता लिहून आपले दुःख उपसले आणि दुसऱ्याला दुःखाच्या कल्पनेवर गाणी करता आली, पण प्रत्यक्षात त्याचा आवाज बसला.

गद्यप्रेमी

तार_षड्ज, तुमच्या यादीत फिल एल्वरम यांना घ्या. ते 'माउंट ईरी' या नावाने गाणी करतात. त्यांची पत्नी जुलै 2016 मध्ये कर्करोगाने गेली. ज्या खोलीत ती गेली त्याच खोलीत बसून, तिचीच वाद्ये वापरून, त्यांनी गाणी ध्वनिमुद्रित केली आणि मार्च 2017 मध्ये तो संग्रह प्रकाशित झाला. पहिल्याच गाण्यात तिच्या मृत्यूनंतर तिच्या नावाने एक पार्सल येते. त्यात लेकीसाठी तिने गुपचूप मागवलेली, पुढे शाळेत जाताना न्यायची पाठीवरची पिशवी असते. या ओळींना यमक नाही, अलंकार नाही, चालही बोलण्यासारखी आहे, आणि मृत्यू ही गाणी करण्याची गोष्टच नव्हे, असे गाण्यातच बजावले आहे. छंदाचा आग्रह धरणाऱ्यांनी ती पिशवी अष्टमात्रिक आवर्तनात बसवून दाखवावी.

मंद्रसप्तक

आव्हान स्वीकारत नाही, कारण तुम्ही माझीच बाजू मांडता आहात. मृत्यू ही गाण्याची गोष्ट नव्हे, हे सांगण्यासाठी त्या गृहस्थांनाही शेवटी गाणेच लागले. तेवढे एक पत्र का पुरले नाही?

पडका_माइक

एक वेगळा प्रश्न. काही मंच हल्ली गेलेल्या माणसाच्या ध्वनिमुद्रणांवरून त्याचा कृत्रिम आवाज तयार करून देतात. माझ्या चुलतभावाने अशा प्रकारे आजोबांच्या आवाजात एक गाणे बनवून कुटुंबाच्या गटात पाठवले. अर्ध्या घराला ते अतिशय आवडले आणि उरलेल्या अर्ध्या घराने त्याच्याशी बोलणे टाकले. आपले मत काय?

श्रुतिभान

मत द्यायचे तर असे. आजोबा जे बोलले ते त्यांचे. जे ते कधीच बोलले नाहीत ते त्यांच्या तोंडी घालणे याला मी शोक म्हणणार नाही. गेलेल्या माणसाशी नाते तोडलेच पाहिजे, असे आता शोकाचे अभ्यासक मानत नाहीत; नाते बदललेल्या रूपात चालू राहते, हा विचार 1996 पासून चांगला रुजला आहे. पण बदललेल्या रूपात चालू राहणे म्हणजे काहीच बदलले नाही असे भासवणे नव्हे. काठावरचा यांच्या पत्नीच्या चाली तिच्या आहेत आणि पुढची भर त्यांची आहे. कोणते सूर कोणाचे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे. मला तिथे काहीच खटकत नाही.

दुसरी_बाजू

गाणे कोणाच्या मालकीचे, हा प्रश्न आवाजापुरता नाही. मी वडिलांवर एक गाणे लिहिले आणि त्यात त्यांच्या व्यसनाचा स्पष्ट उल्लेख केला, कारण ते वगळले असते तर आमच्या घरातली तीस वर्षे वगळल्यासारखे झाले असते. माझ्या बहिणीने ते ऐकले आणि गेलेल्या माणसाला आता उत्तर देता येत नाही, एवढेच ती म्हणाली. मी ओळ बदलली नाही, पण ते गाणे कुठे टाकलेही नाही. गोड माणसावर गाणे रचणे कठीण असेलही, परंतु ज्याच्यावर राग आहे अशा माणसावर रचताना यमकाची फारच मदत होते, हे धागाकर्तीला आवर्जून सांगतो. गद्यात मी लिहू लागलो की ते आरोपपत्र होई. छंदात दुसरी ओळ पहिलीला उत्तर द्यायला भाग पाडते आणि तेवढ्यापुरती वडिलांनाही बाजू मिळते.

तिरकस

दुसरी_बाजू यांनी नाव सार्थ केले.

अर्धमात्रा

सर्वांचे आभार. दुसरी_बाजू यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी जुना अंतरा पूर्ण काढून टाकला. भावाचे वर्णन करायचे नाही, त्याच्याशी नेहमीसारखे भांडायचे, असे ठरवले, आणि विनम्र_विरोधक म्हणतात त्याप्रमाणे उरलेल्या बहिणीला त्यात उभे केले. मुखड्याची चाल सोळा मात्रांची आहे, तीच ठेवली:

उघडे पडले यंत्र तुझे रे, झाकण कोठे सांगशील का?
सुट्टे स्क्रू मी मोजत बसले, एक कमी तो शोधशील का?

हे ऐकून वहिनी चक्क हसली आणि मग बराच वेळ बोलत राहिली. आधीच्या अंतऱ्याला ती फक्त रडली होती. 'लगेच की नंतर' याचे माझ्यापुरते उत्तर असे की मुखडा लगेच लिहिता आला, कारण त्यात फक्त हाक होती. अंतऱ्याला मात्र त्याच्यावर चिडण्याइतका वेळ जावा लागला.

आता नवीन अडचण. गाताना 'शोधशील का' या जागेला गळा दाटतो आणि सूर सुटतो. रियाज करूनही फरक पडत नाही. काय करावे?

विनम्र_विरोधक

ओळी चांगल्या आहेत. 'सांगशील' आणि 'शोधशील' यांचे यमक मात्र सैल आहे; प्रत्ययाच्या आधीचा वर्ण जुळत नाही. 'सांगशील'ला 'मागशील' किंवा 'वागशील' जुळेल.

तिरकस

भावाने झाकण लावले नाही, तेव्हा बहिणीनेही यमक उघडे ठेवायला हरकत नसावी.

तार_षड्ज

गळा दाटणे ही शारीरिक गोष्ट आहे, तिच्यावर इच्छाशक्तीचा उपयोग होत नाही. रडू येते तेव्हा घशातल्या स्नायूंवर ताण येतो, स्वरयंत्र वर ओढले जाते आणि श्वास तोकडा पडतो. म्हणून उपाय चालीतच करावा लागतो. पहिली गोष्ट, गाणे दोन सुरांनी खाली घ्या. नेहमीच्या पट्टीचा अभिमान इथे बाजूला ठेवा. दुसरी, 'एक कमी तो' नंतर श्वासाची स्पष्ट जागा करा, म्हणजे थांबणे हा चालीचाच भाग होईल. तिसरी, सध्या तुमचा सर्वांत वरचा स्वर कुठे आहे ते पाहा. तो जर 'शोध' या अक्षरांवर असेल, तर तो आधीच्या 'मोजत'वर न्या आणि शेवटची ओळ उतरत्या स्वरांत ठेवा.

काठावरचा

एक सुचवतो. ती ओळ वहिनींना म्हणायला सांगून पाहा. तुम्ही तेवढा वेळ पेटी चालू ठेवा.

मंद्रसप्तक

आणि वहिनींनाही जमले नाही, तर ती ओळ नुसती पेटीवर वाजू द्या. चाल ओळखीची झाली की ऐकणारे शब्द मनात भरतात. मी वडिलांच्या गाण्याचा दुसरा अंतरा आजही तसाच वाजवतो. पट्टी खाली घ्यायची झाल्यास मुखड्यातला सर्वांत खालचा स्वर तुम्हाला लागतो का, हे मात्र आधी तपासा, नाहीतर एकीकडची अडचण दुसरीकडे जाईल.